भावसिंगपुऱ्यातली नाव

कात्रीने गाठ सोडवणारा माणूस त्यांना भरवशाचा वाटत नसे. मिठाईच्या पुड्याची सुतळी असो, किराण्याची पिशवी असो, की माझ्या कुरियरच्या खोक्यावरची ती चिवट टेप असो, काका ते हातात घेत, खाटेवर मांडी ठोकून बसत आणि नखाने टोक शोधायला लागत. एकदा माझा दिवाळीचा ड्रेस त्या खोक्यात होता आणि मला शाळेच्या कार्यक्रमाला जायचं होतं. मी कात्री आणायला वळले तर म्हणाले, "बाई, बांधणाऱ्यानं कुठून तरी सुरुवात केली असंल ना? मग ती सापडतीच." सुरुवात सापडली, पण तोवर मी जुन्याच साडीवर शाळेत जाऊन परत आले होते.

काका म्हणजे माझे घरमालक. भावसिंगपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. कन्नडहून बदली होऊन आलेली, पस्तिशीला टेकलेली, बिनलग्नाची शिक्षिका म्हटल्यावर शहरातल्या निम्म्या घरमालकांनी मला तोंडावर नाही म्हटलं होतं आणि उरलेल्यांनी भावाचा फोन नंबर मागितला होता. काकांनी फक्त माझे हात बघितले. त्या वेळी मला ते विचित्र वाटलं. "तुमचा पंजा बारीक हाय, बाई," एवढंच बोलले आणि किल्ली दिली. पंजाचा हिशोब मला महिनाभराने कळला.

घरात दोघंच. काका आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. काकांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती, मूलबाळ नव्हतं. आक्काला नवऱ्याने तरुणपणीच टाकलं होतं. तेव्हापासून ती माहेरी, भावाजवळ. जाडजूड, गुडघ्यांनी अधू, आवाज मात्र गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. ती दिवसभर अंगणातल्या लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असे. तिच्यासमोर, अंगण अडवून, पत्र्याच्या पिंपांवर आणि लाकडी ओंडक्यांवर टेकवलेली एक शिडाची नाव उभी होती.

आमच्या शहराला समुद्र नाही आणि नाव चालेल अशी नदीही नाही. असं असताना मुंबईच्या खाडीवरून ट्रेलरवर चढवून एक म्हातारी नाव इथवर आणणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील ते मी सांगायला नको. ती आली तेव्हा मी नव्हते, पण ती गोष्ट गल्लीतल्या प्रत्येकाने मला आपापल्या पद्धतीने सांगितली. जयंतीचे दिवस होते. गल्लीच्या तोंडाशी कमान उभी होती, आणि नाव काही त्या कमानीखालून जाईना. पोरं म्हणाली, काका, वरची पट्टी कापतो, दोन मिनिटांत जोडू परत. काका रस्त्यात आडवे झाले. शेवटी अख्खी कमान खांबासकट उपटून बाजूला ठेवली, नाव आत घेतली आणि कमान जशीच्या तशी पुन्हा उभी केली. पोरांनी त्या वर्षी नावेलाही निळे झेंडे आणि लायटिंग केली. त्यानंतर दरवर्षी करत. ते तिला जहाज म्हणत, काका नाव म्हणत आणि आक्का तिला "ते" म्हणे.

काका आयुष्यभर शहागंजातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, दहाव्याची कार्डं. उलटी अक्षरं वाचून वाचून त्यांना सुलटं वाचायचा कंटाळा आला होता म्हणा ना. चहाच्या टपरीवर समोरचा माणूस पेपर वाचत असला की ते त्याच्या पलीकडून, उलट्या बाजूने तोच पेपर वाचत आणि त्याच्याआधी संपवून "पान पलटा" म्हणत. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने त्यांना काय हवं विचारलं. त्यांनी खिळे उचलायचा चिमटा मागून घेतला. तो कायम सदऱ्याच्या खिशात असे.

नावेतलं काही म्हणून त्यांना कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते. पुण्यवान कारागिराची गोष्ट ऐकायला बसलेल्यांची निराशा होईल. ते सारखे चुकत. उलट्या बाजूने बोल्ट फिरवत, पाना आत पाडत, मग पान्यामागे बॅटरी पाडत. त्यांच्याजवळ फक्त एक नियम होता. जे आत गेलंय ते त्याच वाटेनं बाहेर येतं, आणि कापायचं काही नाही.

काढायचं मात्र पुष्कळ होतं. त्या नावेच्या पोटात एक गंजलेलं डिझेल इंजिन होतं, मेलेल्या बॅटऱ्या होत्या, पुढच्या टोकाला कपाटाएवढ्या जागेत बसवलेला संडास होता, कुठून कुठे जातात ते देवाला ठाऊक अशा नळ्या आणि वायरी होत्या. आणि डाव्या हाताच्या बाकाखाली पोलादाची पाण्याची टाकी होती. इंजिन तर काढणं भागच होतं. धरणाचं पाणी म्हणजे पाखरांचं अभयारण्य, तिथे इंजिनाची नाव चालत नाही. धरण कशाला, ते पुढे येईलच.

जागा इतकी अडचणीची की काकांचा खांदा आत जाई पण हात वळत नसे. म्हणून माझा बारीक पंजा. संध्याकाळी मी शाळेतून येऊन चहाचं भांडं ठेवते न ठेवते तोच खालून हाक येई, "बाई, जरा हात घेऊन या." मी कुरकुरत जायची. मला बंद जागेची भीती, लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो. तरी मी बाकाखालच्या त्या ढोलीत कुशीवर झोपून, एक हात पुढे आणि गाल फायबरला टेकवून, न दिसणारे नट बोटांनी चाचपत असे. वास रॉकेलचा, जुन्या डिझेलचा आणि कुजलेल्या समुद्राचा. काका गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजत आणि त्यांच्याविषयी आजारी पाहुण्यासारखं बोलत. "आज पाजलंय. परवा बोलंल बगा."

एकदा माझ्या हातून एक नट निसटून नावेच्या तळातल्या खोबणीत पडला. इंजिन भंगारात जाणार होतं, नटही भंगारातच जाणार होता. काका दोन दिवस त्या नटासाठी आत पडून होते. बांबूच्या कामटीला चिमटा बांधला, चिमट्याला लोहचुंबक. बाहेरून आक्का विचारी, "जितं हाय का रं आत?" आतून उत्तर येई, "हाय." नट निघाला, त्यांनी तो पुसला आणि लिंबाखाली मांडलेल्या सामानात त्याच्या बोल्टाशेजारी ठेवला. मी म्हटलं, काका, याचं आता काय करणार? ते म्हणाले, "काय नाय. पण आत नको राहायला."

हे असं का, ते मला आक्कानेच सांगितलं. मी तिच्या पायाशी बसून मेथी निवडत होते.

त्यांचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. "आमची वस्ती खालच्या अंगाला," आक्का म्हणाली. "गावात मान शेवटचा, पर पाणी पैलं आमच्याकडं आलं." घराची चौकट सागवानी होती. गाडीत ती मावेना. गाड्या निघाल्या, लोक ओरडायला लागले, तेव्हा त्यांच्या बापाने करवत घेतली आणि चौकट मधोमध कापली. नव्या जागी जोडली, पण फट राहिलीच. त्या फटीतून हिवाळाभर वारा यायचा. आक्का पोतं लावायची. "हा तवा शाळंत जायचा. त्या फटीकडं बघत झोपायचा," ती म्हणाली. "तवापासून ह्याला करवत दिसली की घाम फुटतो."

मग मेथीची काडी मोडत, आवाज न बदलता म्हणाली, "माझी पोरगी बी तिथंच राहिली ना."

तिची तान्ही मुलगी. तीन महिन्यांची होऊन गेली होती. आपल्याकडे एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वस्तीच्या कडेला चिंचेखाली पुरली होती. गाव सोडताना आक्का बापाला म्हणाली, तिला काढून घेऊ. बाप म्हणाला, मातीची माती झाली, काय काढायचं? तिला एकदा त्या जागेवर जायचं होतं, वर्षानुवर्षं हेच एक मागणं. काही करायचं नव्हतं तिथे. नुसतं जाऊन यायचं होतं.

"मग कोळ्यांच्या होडीतून जा की," मी म्हटलं. मला सगळ्या गोष्टींना सरळ उपाय दिसतो, हा शिक्षकी पेशाचा दोष.

"थर्माकोल असतंय ते," आक्का म्हणाली. ते खरं होतं. तिथले मासेमार थर्माकोलच्या लाद्या बांधून त्यावर बसून जाळी टाकतात. "माझे गुडघे मोडत नाईत. आन थर्माकोलावर बसून जाऊ का मी लेकराकडं? मिक्सरच्या खोक्यात येतंय ते."

म्हणून नाव. बसायला बाक असलेली. आक्काने त्या बाकासाठी जुन्या लुगड्याची एक गादीसुद्धा शिवून ठेवली होती. नावेचं शीड मात्र तिने गच्चीवर पसरलं होतं आणि त्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळत. काकांना ते चालायचं. "कापड हाय, वाळवायच्याच कामाचं," म्हणायचे.

पावसाळ्याच्या तोंडाला इंजिन निघालं. लिंबाच्या फांदीला चेन-पुली टांगली होती, पण त्याआधी इंजिनाचे तुकडे सुटे करून, प्रत्येक तुकडा फिरवून, तिरका करून, पुन्हा फिरवून अरुंद दारातून काढावा लागला. शेवटचा ठोकळा वर आला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका खाली उतरून आक्काच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. त्यांना इतकं खूश मी त्याआधी आणि नंतर कधी पाहिलं नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरण भरल्याच्या, दारं उघडल्याच्या बातम्या आल्या. आक्का रोज टीव्हीवर पाणी बघायची.

राहिली फक्त टाकी.

टाकी निघत नव्हती. कारण उघड होतं, मला पहिल्याच आठवड्यात कळलं. नाव बांधणाऱ्यांनी आधी टाकी बसवली होती आणि मग तिच्यावर नावेचं छप्पर घातलं होतं. ती ज्या वाटेने आत गेली ती वाटच बंद झाली होती. काकांना हे पटेना. त्यांनी मापं घेऊन पुठ्ठ्याची हुबेहूब टाकी केली, तेवढीच उंच, तेवढीच तिरकी. ती पुठ्ठ्याची टाकी घेऊन ते दिवसचे दिवस नावेत बसत. उभी, आडवी, उलटी, कोपऱ्यावर. दारापर्यंत येई आणि चार बोटांनी अडे. पुठ्ठाच तो, जरा दाबला असता तर निघाला असता. त्यांनी तोही दाबला नाही.

"राहू द्या ना आत," मी म्हणायची. "टाकीचं काय ओझं होणार आहे?"

"टाकीखाली तळाला फट असंल तर? दिसत नाय ना खालचं. आक्काला मधोमध नेऊन बुडवू का?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण रास्त म्हणण्याच्या आडून माणूस काय काय करतो, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

ऑक्टोबरच्या सुटीत एका दुपारी मी टाकीच्या मागच्या पट्टीचा स्क्रू काढायला आत शिरले आणि अडकले. खांदा फळीखाली गेला आणि परत येईना. मी जोर लावला तर आणखी रुतला. मला रडू फुटलं, पाय झाडले. काका पलीकडच्या ढोलीत होते, आमच्या मध्ये एक प्लायवूडची फळी. ते धावून आले नाहीत, मला ओढलंही नाही. फळीमागून शांतपणे म्हणाले, "बाई, श्वास सोडा. समदा सोडा. आत जाताना कंचा खांदा आदी गेला?"

"डावा."

"मग आता उजवा इसरा. डावा खाली दाबा, हनुवटी छातीला. आता सरका. घाई केली की बोल्ट मोडतो."

मी सरकले आणि सुटले. पण लगेच बाहेर पडायची ताकद नव्हती. तशीच पडून राहिले. तेही पडून राहिले. तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज. बहुधा म्हणूनच ते बोलले.

"बाई, मागं दुष्काळ पडला हुता ना, धरण आटलं हुतं. तवा मी जाऊन आलो तिथं. चालत."

मी ओला गाल फायबरवर पुसला.

"आक्काला सांगितलं नाय. आपण बगून यावं, मग तिला न्यावं म्हणून गेलो. चिंचेचं खोड हुतं. आन शेजारी जेसीबी चालला हुता. गाळ काढत हुते. ट्रॅक्टर भरभरून शेतात नेत हुते लोक, चांगला असतो म्हणं गाळ. त्या जागी खड्डा हुता, बाई. हिरीएवडा. सगळं उचलून नेलं हुतं." फळीपलीकडे त्यांचं नख फायबरवर घासत होतं. "डायवरनं इचारलं, काका, काय हरवलं का? मी म्हणलं, नाय."

बाहेर आक्का कुणाला तरी कोथिंबिरीचा भाव विचारत होती. तिचा आवाज नावेच्या अंगातून आत येत होता.

"घरी येऊन सांगितलं, पाणी हाय अजून, जाता येत नाय. दर उन्हाळ्याला इचारायची, आटलं का? मी म्हणायचो, नाय. मग ही नाव. वर पाणी पायजे. भरपूर. खाली काय हाय ते तिला दिसलं नाय पायजे."

"मग आता पाणी भरलंय की," मी म्हणाले. "टाकी कापा आणि घेऊन जा त्यांना."

"व्हय," ते म्हणाले. "पण तिनं वाकून बघितलं तर? तोंड बघून तिला कळतं माझं. लहानपणापासून कळतं."

तेव्हा मला ती पुठ्ठ्याची टाकी समजली. मला त्यांचा फार राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. मी बाहेर आले, हात धुतले आणि वर निघून गेले.

दिवाळी झाली. आक्काला खोकला धरला. ती बारीक व्हायला लागली. आधी खुर्चीत कशीबशी बसायची ती आता खुर्चीत मावायला लागली. पाणी अजून भरलेलंच होतं, पण काका रोज चिमटा खिशात घालून नावेत चढत आणि पुठ्ठ्याची टाकी फिरवत बसत. मी पुन्हा जायला लागले होते, हाक आली की. न जाऊन काय करणार?

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं आत होतो. आक्का उन्हात खुर्चीवर. गल्ली सुस्त होती. आक्काने आपल्या त्या आवाजात, आता जरा चिरकलेल्या, हाक मारली.

"अरं ए."

"काय गं?"

"खड्डा हाय तिथं. मला म्हाईत हाय."

आत काकांच्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"पैठणच्या लग्नात कळलं मला," आक्का बाहेरून सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "ते आणायचं चाललं हुतं तवाच. समद्या बाया बोलत हुत्या, अमक्याचं घर खणलं, तमक्याची हीर बुजली. मी म्हणलं, ह्याला सांगायचं नाय. जीव लावून करतोय, करू दे." ती खोकली. बराच वेळ खोकली. "खड्डा असंना. जागा तर तीच हाय ना? काप ती टाकी."

नावेच्या त्या छोट्या खिडकीतून ऊन काकांच्या गुडघ्यावर पडलं होतं. मग त्यांनी पुठ्ठ्याची टाकी दाबली. हळूच, कोपऱ्यावरून. ती चेपली. दारातून बाहेर टाकून दिली.

"बाई," ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून कटर आणता का?"

घरात करवत नव्हतीच. मी पळत जाऊन कटर आणला. त्यांनी स्वतःच कापलं, डोळ्यांना माझा गॉगल लावून. ठिणग्या उडत होत्या आणि बाहेर आक्का दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती. अर्ध्या तासात टाकीचे दोन तुकडे झाले, मग चार, आणि चारही दारातून सुखाने बाहेर आले. काकांनी आत हात घालून तळ चाचपला. मग मला चाचपायला लावला. फट नव्हती. तळ कोरडा होता, सिमेंटच्या ओट्यासारखा धडधाकट.

त्याच दुपारी ट्रेलरवाल्याला फोन केला. पुढच्या रविवारचं ठरलं. आक्काने गादी उन्हात टाकली, माझ्याकडून धुवून घेतलेलं पांढरं पातळ उशाला ठेवलं. मंगळवारी तिला ताप भरला. बुधवारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. काका म्हणाले, "छातीत नको हुतं." शुक्रवारी पहाटे ती गेली. ट्रेलरवाला रविवारी ठरल्याप्रमाणे आला, त्याला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी थांबून तो हॉर्न वाजवत राहिला.

नाव अजून तिथेच आहे. काका जाऊनही आता काही वर्षं झाली, घर पुतण्यांकडे गेलं, मी दुसरीकडे राहते. जयंतीला त्या बाजूने गेले की नावेवर झेंडे दिसतात. आत पूर्ण रिकामी आहे. पोरं लपाछपी खेळतात आणि म्हणे कधी कुणी अडकत नाही.

आक्का गेली तेव्हा तिची राख काकांनी घरीच ठेवली होती. नात्यातले म्हणाले, आपल्यात अस्थी सोडत नाहीत, झाड लावा. काका म्हणाले, "सोडत नाय. पोचवतोय." आठवड्याने त्यांनी मला सोबत चला म्हटलं. मी म्हटलं, ट्रेलर बोलावू का? त्यांनी मान हलवली. "ती हुती तोवर नाव. आता कशाला?"

एसटीने पैठणला आणि तिथून रिक्षाने पुढे काठावर. एक मासेमार तयार झाला. थर्माकोलच्या दोन लाद्या एकत्र बांधल्या, त्यावर फळी. मडकं काकांच्या मांडीवर. आक्काने शिवलेली गादी त्यांनी पिशवीतून काढली, शेजारी थर्माकोलवर अंथरली आणि मडकं उचलून तिच्यावर ठेवलं. मी मागे, पाय ओले होत होते, भीतीने फळी धरून बसले होते. पाणी सगळीकडे सारखं, राखाडी. दूर पाखरांचे थवे बसले होते.

बऱ्याच वेळाने मासेमाराने वल्हं थांबवलं. "सांगा काका, कुठं?"

काकांनी एकीकडे बोट केलं. मग दुसरीकडे. "चिंच हुती," ते म्हणाले.

"समदं पाणीच की आता," मासेमार म्हणाला.

"व्हय." काका वाकून खाली बघत राहिले. काही म्हणजे काही दिसत नव्हतं, जसं त्यांना हवं होतं अगदी तसं. मग त्यांनी मडक्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याची गाठ सोडायला घेतली. गाठ पाण्याने घट्ट झाली होती. नखाने टोक शोधत बसले. मासेमार माझ्याकडे बघायला लागला, त्याच्या कमरेला जाळं कापायची सुरी होती. त्याने ती काढून पुढे केली. काकांनी सुरीकडे बघितलं, घेतली आणि गाठ कापली.

परत येताना मडकं रिकामं होतं. गादी त्यांनी घडी करून छातीशी धरली होती. काठ जवळ आला तसे ते, मागे न वळता, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"अर्ध्या तासाचं काम हुतं, बाई."